सव्वा महिन्यानंतरची बाळंतीण

आपल्याकडे बाळंतिणीची बडदास्त सव्वा महिना असते. तेल लावणं, अंग शेकणं, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, वेळेवर गरम ताट. जिथे करणारं माणूस आहे तिथे हे सगळं मायेने होतं. सव्वा महिना भरला की ओटी भरतात, बाळाला देवाच्या पायावर घालून आणतात. करायला आलेली आई किंवा सासू आपल्या गावी परतते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाळंतीण ओट्यापाशी उभी राहते. घरच्यांच्या लेखी बाळंतपण पार पडलेलं असतं. मी स्वतः यातून गेले आहे आणि नंतर अशा बऱ्याच जणींशी बोलले आहे. त्यावरून सांगते, बाई खचते ती पुष्कळदा याच्या पुढे, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. तेव्हा तिच्याजवळ कोणीच नसतं. ज्या घरात आत्ता दीड-दोन महिन्यांचं बाळ आहे, त्या घरातल्या आईसाठी आणि त्याहून जास्त तिच्या माणसांसाठी हे लिहिते आहे.

आम्ही पनवेल तालुक्यातल्या ओवे गावात राहतो. खारघरच्या डोंगराच्या पायथ्याचं हे जुनं गाव. नवी मुंबईसाठी सिडकोने जमिनी घेतल्या आणि इथली भातशेती गेली. गावठाण मात्र तसंच राहिलं, आणि त्याच्या भोवती खारघरचे सेक्टर वर चढत गेले. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा गाव शहरात आलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि पेठपाड्याला स्टेशन मिळालं. गावठाणात आजही घराच्या ओट्यावर आजी, सून आणि नात एकत्र बसलेल्या दिसतात. तिथे बाळ रडलं तर शेजारच्या घरातून हाक येते. आम्ही मात्र नव्या इमारतींतले आणि भाड्याच्या खोल्यांतले लोक. साताऱ्याहून, रत्नागिरीहून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून तळोजा एमआयडीसीच्या पगारावर इथे आलेले. जिन्यात भेटलो तर हसतो, नाव विचारायचं राहून जातं. अशा घरात सव्वा महिन्यानंतर दार लागलं की ते नवरा कामावरून येईपर्यंत उघडत नाही.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, मंडणगडकडच्या एका वाडीत. आई होती, काकू होती, आजी होती. रात्री बाळ रडलं की माझ्या आधी दुसऱ्या कोणाचा तरी हात पुढे यायचा. त्यावेळी त्याचं मोल कळलं नाही. दुसरं बाळंतपण रिवाजाप्रमाणे सासरी, म्हणजे आमच्या ओव्याच्या घरी झालं. सासूबाई पाटण तालुक्यातून आल्या आणि त्यांनी माझं सगळं हौसेने केलं. हे मुद्दाम सांगते, कारण बाळंतिणीच्या दुखण्याची गोष्ट निघाली की सासूकडे बोट दाखवायची लोकांना सवय आहे. पाऊस सुरू झाला तशी भातलागण तोंडावर आली आणि त्यांना जावं लागलं. त्यांच्या शेतावर दुसरं माणूस नव्हतं. नवऱ्याच्या पाळ्या बदलत्या. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दिवसा झोपायचा आणि मी दोन्ही मुलींना आवाज न करता सांभाळायचे. मोठी तेव्हा चार वर्षांची होती.

हो, दुसरीही मुलगीच. मला कोणी वाकडा शब्द बोललं नाही. पण फोनवर प्रत्येक जण म्हणायचा, “असू दे, लक्ष्मी आली.” मी कोणाकडे तक्रार केली नव्हती, तरी सगळे माझी समजूत घालत होते. प्रत्येक फोननंतर मी बाळाकडे बघायचे आणि मला तिची माफी मागावीशी वाटायची.

आधी झोप गेली. बाळ रात्री उठतं म्हणून झोपमोड होणं निराळं. बाळ गाढ झोपलेलं असताना, खोलीत अंधार असताना, अंग ठणकत असतानाही मला डोळा लागायचा नाही. छातीत धडधडायचं. तिचा श्वास चालू आहे ना, हे पुन्हा पुन्हा नाकाशी बोट धरून बघायचे. तिचं वजन नीट वाढत होतं, कार्डावर नोंद होती, तरीही आपलं दूध पुरत नाही याची मला खात्री होती. मग जेवणाची चव गेली. मोठीने काही सांडलं तर मी ओरडायचे आणि ती दचकून कोपऱ्यात जायची. सुरुवातीला मी खूप रडले. नंतर रडणंही थांबलं, आणि घरच्यांना वाटलं आता सावरली. तेच दिवस सगळ्यांत वाईट होते. आपण नसलो तरी या घराचं काही अडणार नाही, असा विचार मनात येऊन बसला. त्यात भीती नव्हती, दुःखही नव्हतं. बाजारातून काय आणायचं हे ठरवावं इतक्या सहज तो यायचा. रडणाऱ्या बाळंतिणीची काळजी घ्याच, पण रडता रडता अचानक गप्प झालेलीची जास्त घ्या.

एका दवाखान्यात मी थोडंफार बोलून पाहिलं. “सगळ्यांनाच होतं असं. टॉनिक लिहून देतो, मन रमवा,” असं उत्तर मिळालं. पुन्हा कोणाशी बोलायची इच्छा त्यानंतर उरली नाही.

बाळाच्या अडीच महिन्यांच्या डोसला गेले तेव्हा सिस्टरने कार्ड पाहिलं, वजन लिहिलं आणि मान वर करून विचारलं, “बाळाचं छान चाललंय. तू झोपतेस का गं?” मला बोलता येईना. तिने रांगेतल्या बायकांना थांबायला सांगितलं, मला आतल्या बाकावर बसवलं, बाळ स्वतःच्या मांडीवर घेतलं. जेवण जातं का, कशात मन लागतं का, असं एकेक विचारत गेली. शेवटी साध्या शब्दांत तिने विचारलं की मरून जावं असं मनात येतं का. तो प्रश्न ऐकून मला धक्का बसला नाही, सुटका झाल्यासारखं वाटलं. असं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी घरच्यांना धास्ती असते. तसं होत नाही. उलट, इतके दिवस जे कोणालाच सांगता येत नव्हतं ते सांगायला वाट मिळते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण बरं होण्यात नाट्य काहीच नसतं. नवऱ्याला बोलावून घेतलं, मानसोपचार तज्ज्ञांकडे नेलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन खाली गेलेलं होतं. थायरॉइडही तपासलं. बाळंतपणानंतर काही बायकांचं थायरॉइड बिघडतं आणि त्याची थकवा, धडधड, उदासी ही लक्षणं मनाच्या आजारासारखीच दिसतात. माझं ते ठीक निघालं. लोहाच्या गोळ्या, नैराश्यावरचं अंगावर पाजताना चालेल असं औषध आणि दर आठवड्याला बोलणं, असं सुरू झालं. नवऱ्याने सुपरवायझरला खरं कारण सांगून काही महिने रात्रपाळी बदलून घेतली. समोरच्या दारातल्या खाला रोज दुपारी बाळाला घेऊन जाऊ लागल्या. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. “बेटा, तू सो जा,” एवढंच म्हणायच्या. औषधाचा गुण लगेच आला नाही, काही आठवडे गेले. दिवाळीच्या सुमारास एके दिवशी फराळाचा वास आला आणि भूक लागली, तेव्हा मला कळलं की मी परत येते आहे.

बरी झाल्यावर मी या विषयाचं मिळेल ते वाचत गेले. त्यातलं जे प्रत्येक घराला माहीत असावं ते सांगते.

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी रडू येणं, चिडचिड होणं, मन हळवं होणं हे निम्म्याहून अधिक बायकांना होतं. ते दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं. त्याला धीर, झोप आणि जवळचं माणूस एवढं पुरतं. दोन आठवड्यांनंतरही उदासी राहिली, वाढत गेली किंवा पुढे महिन्या-दोन महिन्यांनी नव्याने सुरू झाली, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. भारतातल्या ३८ अभ्यासांची एकत्र मांडणी २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आली. त्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं. म्हणजे साधारण पाच जणींत एक. लसीकरणाच्या रांगेत उभ्या असलेल्या बायका मोजून पाहा.

तिसरा प्रकार क्वचित होतो, हजारात एक-दोन जणींना, पण तो सगळ्यांत धोक्याचा. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो. बाई झोपेविना दिवस काढूनही थकत नाही, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते, बाळाबद्दल भलत्याच गोष्टी तिच्या मनात ठाम बसतात. आपल्याकडे अशा वेळी बाहेरची बाधा झाली म्हणतात, अंगारा लावतात आणि त्यात मोलाचे दिवस जातात. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं. तिला एकटं सोडू नका आणि बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका. मनात भक्ती असेल तर देवाला हात जोडा, पण गाडीत बसल्यावर.

आपल्या शेजारच्या गोव्यात या विषयावर फार मोलाचं काम झालं आहे. डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी म्हापशाच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांना बाळंतपणानंतरही पुन्हा पुन्हा भेटून अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना त्यांतल्या २३ टक्के आयांना नैराश्य होतं. सहाव्या महिन्यात पाहिलं तर त्यांतल्या निम्म्याहून अधिक अजून आजारीच होत्या. कारणं ओळखीचीच होती: घरातली ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेलं नातं. आणि झालेलं बाळ मुलगी की मुलगा, यानेही फरक पडत होता. हे वाचताना मला फोनवरचं ते ‘असू दे’ आठवलं. एक गोष्ट मात्र माझ्यासाठी नवी होती. या आजारी आयांपैकी बहुतेक जणी गरोदरपणातच मनाने खंगलेल्या होत्या. म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यातच तिच्याकडे नीट पाहिलं असतं तर पुढचं दिसलं असतं. ओटभरणीच्या फोटोंत हसणारी गरोदर बाई रात्री झोपते का, हे घरच्यांनी तेव्हापासूनच विचारायला हवं.

आता आपली व्यवस्था पाहा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली. बालमृत्यू किती कमी होऊ शकतात हे त्यांनी १९९९ मध्ये जगाला दाखवलं. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊ लागल्या. दवाखान्यात प्रसूती झालेलीकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी. बाळं वाचली ती या भेटींनी, आणि या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. २०१८ मध्ये पुढच्या भेटी वाढवल्या, त्यातली पहिली तिसऱ्या महिन्यात आणि तीही मुख्यतः बाळाच्या वाढीसाठी. घरच्यांचा सव्वा महिना आणि सरकारचे बेचाळीस दिवस जवळपास एकाच वेळी संपतात. आई गावी गेली, आशाताईंची फेरी झाली, आणि त्याच सुमारास आजार वर येतो. गोव्यातल्या त्या आया सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणीच होत्या.

या मोकळ्या पट्ट्यात बाई घराबाहेर पडते ती एकाच कामासाठी, बाळाच्या डोसला. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. या तीन तारखा कार्डावर छापलेल्या असतात आणि आया सहसा चुकवत नाहीत. मला माझी सिस्टर तिथेच भेटली. नव्या योजनेची, नव्या इमारतीची यासाठी गरज नाही. त्या रांगेत प्रत्येक आईला दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ होईल: गेल्या महिन्यात उदास, हताश वाटत होतं का? पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत मन लागेनासं झालं आहे का? दोन्हीपैकी एकालाही ‘हो’ आलं तर पुढची विचारपूस करायची. त्यासाठी एडिंबरामध्ये १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची यादी जगभर वापरतात. ती भरायला पाच मिनिटं पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ च्या मार्गदर्शनात बाळंतिणीच्या मनाची तपासणी करावी, असं सांगितलं आहे.

घरच्यांनी काय करावं? पहिलं म्हणजे मदत एकाच वेळी खर्चून टाकू नका. बाळ झालं की पहिल्या पंधरवड्यात आई, सासू, नणंद सगळ्या येतात, घरात पाय ठेवायला जागा नसते, आणि सहाव्या आठवड्यानंतर कोणी नसतं. आधीच बसून ठरवा. पहिला महिना एकीने, दुसरा दुसरीने, तिसऱ्यात कोणी दुपारपुरतं. शेतीच्या घरात लागण-काढणी बघून हे आखावं लागतं, पण आखता येतं. आमच्याकडे नंतर जाऊबाई येऊन राहिल्या. आधी कोणी विचारलं असतं तर त्या आधीही आल्या असत्या.

दुसरं, झोप. माझ्या मते बाळंतिणीच्या मनाला सगळ्यांत मोठा आधार झोपेचा आहे, लाडवांपेक्षाही. तिला रोज एकदा सलग चार-पाच तास मिळतील असं काहीतरी करा. तिने बाळाला पाजलं की पुढचं सगळं दुसऱ्याने घ्यायचं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फिरवणं याला आईच लागते असं नाही. आणि सगळी व्यवस्था करूनही, बाळ दुसऱ्याकडे असतानाही तिला झोप येत नसेल तर ती धोक्याची खूण समजा. ही एकच गोष्ट माझ्या घरच्यांना ठाऊक असती तर माझे बरेच दिवस वाचले असते.

नवऱ्यांशी स्वतंत्रपणे बोलायचं आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाळ झाल्यावर १५ दिवसांची रजा मिळते. खासगी कारखान्यात काम करणाऱ्याला कायद्याने अशी रजा नाही. बाईची पगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पण ती पगारी नोकरी असलेलीची. घरकाम करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, घरीच असलेल्या बाईला ती कुठली? हे अन्यायाचं आहे आणि बदलायला हवं. तोवर जी काही रजा शिल्लक असेल ती सगळी पहिल्या आठवड्यात घालवू नका, थोडी सहाव्या आठवड्यानंतरसाठी ठेवा. घरी आल्यावर “बाळाने किती दूध घेतलं?” याच्या आधी “तू जेवलीस का?” विचारा आणि उत्तर ऐकायला थांबा. तिने “मला जमत नाहीये” म्हटलं तर लगेच “सगळ्या बायका करतात” म्हणू नका. या वाक्यानंतर बाई पुन्हा तोंड उघडत नाही.

जुन्या रीतींबद्दल मला विचाराल तर त्यातलं विश्रांतीचं, मालिशचं, ताज्या गरम जेवणाचं आणि सोबतीचं सगळं ठेवा, त्यात फार शहाणपण आहे. पण बाळंतिणीला पाणी मोजून देणं, भाजी-फळं बंद करणं, खिडक्या लावून कोंदट खोलीत शेगडी पेटवून बसवणं हे सोडा. बंद खोलीतला कोळशाचा धूर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते, तिला पोटभर पाणी हवं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. पुष्कळ जणी दवाखान्यातून घरी आल्या की त्या डब्यात टाकून देतात. आणि दिवसातून एकदा तिला उजेडात, हवेत बाहेर येऊ द्या. आमच्याकडे पावसाळ्यात डोंगरावरून पाणी उतरताना नुसतं गच्चीत उभं राहिलं तरी बरं वाटतं. मला त्या दिवसांत कोणी हात धरून तिथवर नेलं असतं तर फार बरं झालं असतं.

औषधांची भीती मी समजू शकते, मलाही होती. ‘वेड्यांच्या गोळ्या’ म्हणून एका नातेवाइकाने त्या बंद करायला सांगितलं होतं. अंगावर पाजतानाही घेता येतील अशी नैराश्यावरची औषधं आहेत आणि ती निवडणं डॉक्टरांचं काम आहे. बाळ अंगावर पितं हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा. बरं वाटू लागलं म्हणून गोळ्या मनानेच थांबवू नका. सौम्य आजारात नुसत्या समुपदेशनानेही गुण येतो. आणि एखादीला रुग्णालयात ठेवावं लागलं तर बाळ हिरावून घेतील, ही भीती तिला असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लिहिलं आहे की तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करू नये. बंगळूरच्या निम्हान्समध्ये तर २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. असा विभाग आपल्या प्रत्येक जिल्ह्यात असावा, अशी माझी मनापासून मागणी आहे.

रात्री-अपरात्री कोणाशी बोलावं कळत नसेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारने तो १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला. फोन फुकट लागतो, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो आईनेच करावा असं नाही. घाबरलेल्या नवऱ्याने, सासूने, शेजारणीनेही करावा. जिवाला धोका वाटत असेल तर मात्र फोनवर थांबू नका, १०८ ची गाडी बोलवा.

शेजारणींचं मोल तर मी स्वतः अनुभवलं आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. आतिफ रहमान यांनी तिथल्या आरोग्यसेविकांना नैराश्यातल्या आयांशी बोलायला शिकवलं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या भेटी मिळालेल्या आयांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, न मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. गोव्यात ‘संगत’ संस्थेने हेच काम वस्तीतल्या साध्या बायकांकडून करून घेतलं आणि त्यांना ‘सखी’ म्हटलं. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सखी भेटलेल्या आयांत बऱ्या झालेल्यांचं प्रमाण जास्त होतं. त्या डॉक्टर नव्हत्या. स्वतः आई झालेल्या, शेजारीपाजारी राहणाऱ्या बायका होत्या. थोडं शिक्षण घेऊन त्या घरी जात, ऐकून घेत, आणि उद्यासाठी एखादी छोटी गोष्ट आईबरोबर ठरवत.

ओवे गावात, खारघरच्या या सगळ्या इमारतींत अशा सखी होऊ शकतील अशा बायका मजल्या-मजल्यावर आहेत. महिला मंडळं आहेत, बचत गट आहेत, हळदीकुंकू होतं. तुमच्या जिन्यात अडीच महिन्यांचं बाळ असलेलं घर असेल तर तिथे जा. बाळाला काही घेऊन नाही गेलात तरी चालेल. दुपारी दोन तास बाळाला सांभाळा आणि आईला झोपू द्या. आणि लसीकरणाच्या टेबलावर बसणाऱ्या माझ्या सगळ्या सिस्टरना, आशाताईंना हात जोडून विनंती आहे. अडीच महिन्यांच्या डोसला बाळाचं वजन लिहून झालं की एकदा आईकडे बघा आणि विचारा, तू झोपतेस का?